कोनल तर येणारच!

७ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच! म्हाताऱ्या डेम्प्सीच्या मयतीला भर पावसात तीस मैल गाडी हाकत गेले, तर शोकसंदेशाच्या वहीत सही आधीच — कोनल गेराटी, मत्स्योद्योगमंत्री. डब्लिनला मंत्रिमंडळाची बैठक होती ना याची? डेम्प्सीची बायको माझा हात धरून म्हणते काय — "कोनल येऊन गेला हो. शवपेटीला खांदा दिला त्यानं." मग मी काय नुसती भिजायला आले होते?

एका वर्गात होतो आम्ही. गणितं माझी बघून उतरवायचा. तो तीनदा मंत्री झाला आणि मी एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेत गटारांवर बोलते आहे.

९ फेब्रुवारी
निवडणुकीसाठी पक्षाने मतदारसंघ वाटून दिला. जागा एकाहून जास्त; आम्ही दोघं एकाच पक्षाचे उमेदवार, दोघंही निवडून यायला हवेत म्हणे. मतदार पसंतीचे आकडे लिहितो, एकवाला बाद झाला की ते मत दोनवाल्याला जातं. नदीच्या अलीकडच्या लोकांनी एकचा आकडा माझ्या नावापुढे लिहायचा, दोनचा त्याच्या. पलीकडे उलटं. एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. कोनल हसून म्हणाला, "अट्रॅक्टा, या खेपेला तू येतेसच बघ." दया दाखवतोय मेला!

१४ फेब्रुवारी
माझ्या हद्दीत त्याची गाडी! "चहाला थांबलो होतो गं." चहा म्हणे! जळते मी त्याच्यावर, वहीत तरी खोटं कशाला लिहू? अजून केससुद्धा गेले नाहीत त्याचे.

१९ फेब्रुवारी
केलं. नदी ओलांडली.

त्याच्याच गावात, किल्मोरनमध्ये, अकरा घरं फिरले. त्याच्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही. उलट स्तुतीच! "कोनल तर येणारच हो, त्याला कसला धोका? यंदा एकचा आकडा मला द्या, दोनचा त्याला." आमच्या राजकारणात याहून जालीम विष नाही. येणारच म्हटलेल्याला कुणी एकचा आकडा देत नाही आणि तो हमखास पडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेवटच्या घरातली म्हातारी लाव्हेल पावाला लोणी लावत म्हणाली, "नदी ओलांडताना पाय नाही ना भिजले, पोरी?" कान लाल झाले माझे. तरी पाव खाल्लाच.

२३ फेब्रुवारी
मतदान. चर्चमध्ये मेणबत्ती लावली. काय मागितलं ते लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी
मतमोजणी. प्रत्येक गावाची पेटी निराळी, आणि आमची माणसं कठड्यावरून वाकून एकेक कागद टिपून घेतात. त्यामुळे कुठल्या गावाने काय केलं ते झाकून राहत नाही. किल्मोरनची पेटी उघडली — एक, एक, एक, माझ्याच नावापुढे! मला एकशे नव्वद, त्याला चाळीस. त्याच्याच गावात! अकरा घरांत एवढी माणसं कुठून आली?

सहाव्या फेरीत सगळ्यांत कमी मतं म्हणून कोनल बाद. त्याच्या कागदांवरचे दोनचे आकडे माझ्याकडे आले आणि मी निवडून आले. खासदार! मला खांद्यावर उचललं कुणी? त्यानेच! लोक टाळ्या वाजवत होते. त्याच्या डोळ्यांत बघायची हिंमत झाली नाही. पण आतून किती गोड वाटलं! देवा, माफ कर.

२६ फेब्रुवारी
कोनल आला होता. राहवेना, सगळं कबूल केलं. तो हसायलाच लागला.

"अकराच घरं? अगं, मी अख्खं गाव पालथं घातलं! कोनल तर येणारच, अट्रॅक्टाला द्या, म्हणत. मला राजकारण सोडून घरी यायचं होतं गं. उभाच राहिलो नसतो तर पक्षाने माझ्या जागी माझ्या पुतण्याला उभं केलं असतं, आणि गावाने मतं त्यालाच दिली असती, तुला नाही."

जन्मात एकदा त्याच्या हातून काहीतरी हिसकावलं, म्हणून दोन दिवस सुखात होते. तेही त्यानेच दिलेलं!