केसरआत्याच्या चान्यांतलं मीठ

उस्मानपुरा,
रविवार

आदरणीय केसरआत्या,

राजकुमारचा सप्रेम जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? करमाडला ऊन कडक असेल, उगाच गच्चीवर चढ-उतर करू नकोस. इथं सगळे मजेत आहेत, एक मी सोडून. (बीपीची गोळी घेतली आहे. पण हा धक्का गोळीच्या आवाक्यातला नाही.)

आमची विशाखा फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे तुला ठाऊकच आहे. तिनं प्रोजेक्टला विषय काय घ्यावा? आपल्या चान्या! मटणाच्या पट्ट्यांना मीठ लावून उन्हात वाळवायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि ही पोरगी म्हणते, त्यातलं मीठ आणि चरबी कमी करायची. मी हादरलोच. उद्या भाकरीतली ज्वारी कमी करशील, म्हणालो. (रागात मला बरं सुचतं.) तरी तिनं गच्चीवर दोरी बांधून चान्या वाळवल्या, आणि काल माझ्यापुढं दोन ताटल्या ठेवल्या. एकीत तिच्या, दुसरीत तू पाठवलेल्या. मी डोळे मिटून चव घेतली आणि छातीठोकपणे सांगितलं, ही आत्याच्या हातची, अन् ती विशाखाची, दवाखान्यातल्या जेवणासारखी.

आत्या, दवाखान्यातली तुझी निघाली!

वर विशाखानं कॉलेजच्या तपासणीचा कागद दाखवला. तुझ्या चान्यांत तिच्यापेक्षाही कमी मीठ. तिनं तुला फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, हे तुला माहीत नसेल. तू म्हणालीस, "व्हय गं, दोन वर्सं झाली, मीठ निम्मंच लावते. चरबी बी काढून टाकते, अन् दोन दिस जास्त उन्हात ठेवते. तुझा आजा, माझा दादा, बीपीनंच गेला. राजकुमारला नाय जाऊ द्यायची मी."

सख्ख्या आत्यानं मला दोन वर्षं फसवलं! मला राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं विशाखानं पुन्हा बीपी मोजलं. तर आत्या, पुढच्या डब्यालाही हात असाच आखडता ठेव.

तुझा,
राजकुमार

ता. क. : दोन वर्षं निम्मं मीठ खाऊनही माझं बीपी खाली का येत नाही, हे विशाखाला कळत नाही. तुला खरं सांगतो. तुझ्या चान्या मला अळणी लागायच्या. वाटलं, वयानं माझीच जीभ गेली. तुला वाईट वाटायला नको म्हणून गुपचूप खिशात मिठाची पुडी ठेवायचो. ती पुडी या पत्रासोबत तुझ्या हवाली करतो आहे.

आणखी ता. क. : पुडी हलकी लागेल. निम्मी ठेवून घेतली आहे. रागावू नकोस, तूही निम्म्यापासूनच सुरुवात केलीस ना?