घोड्याच्या सावल्या

सनीव्हेल,
शनिवार, १५ मार्च २०२५

प्रिय सिद्धेशभावजी,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते आधी घ्या. राग यायचा तो पुढे येईलच.

इकडे ठीक. अतुलचा, म्हणजे तुमच्या दादाचा, गुडघा बरा आहे. तुमची पुतणी रीमा ड्राइव्ह करायला लागल्यापासून माझं ब्लडप्रेशर तेवढं बरं नाही. अ‍ॅशबर्नला थंडी कमी झाली का, हे विचारायलाही तुम्ही सापडत नाही. संक्रांतीपासून फोन उचललेला नाहीत. "बिझी आहे वहिनी" एवढाच मेसेज. अतुल म्हणतो, काम असेल त्याला. पण तुम्हाला काम असलं की तुम्ही उलट जास्त फोन करता, कोड बिल्ड होईपर्यंत बोलायला कोणी हवं म्हणून. तेव्हा इथे काहीतरी शिजतंय, असं मी धरून चालले. संशय घ्यायचाच मला पगार मिळतो.

तशात बुधवारी तुमच्या ओपन सोर्स ड्रायव्हरची, ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या तुमच्या त्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आमच्या बेंचमार्कवर चालवली. ग्राफिक्स कार्डाची परीक्षा घेणारा हा आमचा प्रोग्राम तुमच्या ड्रायव्हरवर कायम रडतखडत चालायचा. बुधवारी वेगाचा एकदम दुप्पट आकडा आला. मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. प्रोग्रामच्या फाइलचं नाव बदललं, आतला कोड तोच ठेवला, पुन्हा चालवला. आकडा पुन्हा अर्ध्यावर.

म्हणजे तुमचा ड्रायव्हर आमच्या टेस्टला नावाने ओळखतो. परीक्षक दिसला की अभ्यास करणारा मुलगा. आमच्या धंद्यात याचा एकच अर्थ असतो: चित्रातलं काहीतरी गुपचूप गाळायचं आणि आकडा फुगवायचा. बदल कोणी केला ते पाहिलं, तर तुमचं नाव. मग फोन का येत नाही तेही मला लगेच कळलं, म्हणजे तसं वाटलं.

गुरुवारी मीटिंगमध्ये चंद्रशेखरला, माझ्या बॉसला, आकडे दाखवले. तो खूश. "सुलभा, नाव बदललं की स्कोअर पडतो, आणखी प्रूफ काय हवं? मंडेला पब्लिश करू. तुझ्या नावाने." माझं आडनाव अजून माहेरचंच, त्यामुळे ऑफिसात आपलं नातं कोणाला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

काल मी घरून काम केलं. ऑफिसातल्या मशीनना मॉनिटर नसतात. टेस्ट चालते, आकडा येतो, आम्ही आकडा वाचतो. घरी मात्र मशीन डायनिंग टेबलवर रीमाच्या मॉनिटरला लावलं होतं. टेस्टमध्ये बाजारातून एक घोडा पळत जातो. अतुल चहा घेऊन आला आणि थांबला.

"अगं, या घोड्याला इतक्या सावल्या कशा?"

नाव बदललेली टेस्ट चालू होती. घोड्याच्या चारी बाजूंना सावल्याच सावल्या, भिंतींवर, छतावर, आकाशातसुद्धा. मग मूळ नावाने चालवली. एक घोडा, एक सावली, चित्र पूर्ण. काहीही गाळलेलं नाही.

तेव्हा कुठे मी तुमचा कोड उघडला. तो कोणालाही वाचायला मोकळा आहे, मीच बुधवारी वाचला नव्हता. तुम्ही साध्या इंग्रजीत लिहून ठेवलं आहे की हा प्रोग्राम मेमरी पुसून न घेता वापरतो, म्हणून नाव बघून याच्यापुरती आम्ही पुसून देतो, प्रोग्राम बनवणाऱ्यांना कळवलं आहे. दुसरे ड्रायव्हर न मागताच मेमरीचा हा फळा पुसून देतात. तुमचा देत नव्हता, कारण नियमाने तो पुसणं आमचं काम. मेमरीतला जुना कचरा आमची टेस्ट दिवे समजून मोजत होती आणि प्रत्येक दिव्याची सावली काढत बसत होती.

आमच्याकडे आलेली तुमची तक्रारही सापडली. चंद्रशेखरने ती जानेवारीतच बंद केली होती: बाकी सगळीकडे चालतं, दोष तुमचा. काल संध्याकाळी फोन करून हे सांगितलं, तर म्हणाला, "यार, आता स्टोरी बदलू नको." त्याला आधीपासून माहीत होतं, असा मला दाट संशय आहे.

आता जे मघापासून टाळतेय ते लिहिते. गुरुवारी मीटिंगमध्ये "लबाडी" हा शब्द चंद्रशेखरने वापरला नाही. मी वापरला. तुमच्या नावासकट. हे बाहेर गेलं तर तुमचा कोड पुन्हा कोणी विश्वासाने घेणार नाही, आणि तुमची नोकरी आणि व्हिसा त्यावरच आहे, हे मला त्या क्षणीही माहीत होतं. मला लाज वाटते, भावजी.

सोमवारी मीटिंगच्या त्याच खोलीत मोठा मॉनिटर लावून दोन्ही घोडे सगळ्यांसमोर पळवणार आहे. तुम्ही माझे दीर आहात, हेही सांगणार आहे. नंतर नोकरी राहिली तर राहिली. अतुलला सांगून झालं आहे. तोवर कोडमधल्या तुमच्या त्या ओळींना हात लावू नका, नाहीतर म्हणतील पुरावा पुसला.

एक शंका उरली आहे. तक्रार केल्याच्याच महिन्यात तुमचे फोन थांबले. दिराची तक्रार वहिनीने आतून पुढे रेटली, असं माझ्यावर बालंट येऊ नये म्हणून तर लांब राहिला नाहीत ना? ही शंका खरी असली तर मला फार जड जाईल.

उद्या सकाळी फोन करते. उचला, आणि व्हिडिओ चालू ठेवा. या वेळी आधी बघणार आहे, मग बोलणार आहे.

तुमच्या क्षमेची वाट बघणारी,
सुलभावहिनी