एका चुलीवर जेवणारी माणसं

डोंबिवली पूर्व,
११ फेब्रुवारी

प्रिय क्षिप्रा,

टिटवाळ्याचा तुझा पत्ता माझ्याकडे चार वर्षांपासून आहे. अलिशा झाली तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी फोन केला होता. रुडॉल्फ फोनवर फार बोलत नाहीत. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगतो, एवढंच म्हणाले, आणि मी न विचारताच त्यांनी सावकाश पत्ता सांगितला. मी तो डायरीत उतरवून घेतला. तिथवर यायला मला तासभरसुद्धा लागणार नाही, आणि तरी मी पोस्टाचं पाकीट आणलंय. फोनवर तू ‘हॅलो’ म्हणालीस तर मी तब्येतीचं विचारेन, अलिशाच्या शाळेचं विचारेन, आणि सांगायचं ते राहून जाईल. म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात आपल्या बिल्डिंगमधली काही घरं सरकारी पाहणीसाठी निवडली गेली. कुटुंब काय खातं, काय विकत घेतं, कशावर किती खर्च करतं, याची पाहणी. त्यावरूनच पुढे महागाईचा निर्देशांक ठरतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडतात, आणि त्यात आपलं घर आलं. ज्या आकड्यांवर मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं, ते गोळा करायला कोणीतरी माझ्या दारात आलं याची मला गंमत वाटली. मेघना नाव तिचं. कल्याणची, पंचविशीतली, कंत्राटी नोकरी, हातात टॅबलेट. तीन महिन्यांत तीनदा येणार होती. पहिल्या खेपेला खाणंपिणं, दुसऱ्या खेपेला वीज, प्रवास, औषधं, फोन वगैरे, आणि शेवटी कपडे-भांडी. मी तिला बसवलं, पाणी दिलं. नाव, वय, शिक्षण झालं. मग तिनं विचारलं, एका चुलीवर जेवणारी माणसं किती?

मी म्हटलं, दोन.

कसं निघालं तोंडातून, मला आजही सांगता येणार नाही. तिनं पुढचं विचारलं, दुसऱ्या व्यक्तीशी नातं काय. मी म्हटलं, मुलगी. वय तेहेतीस, अविवाहित, नोकरी ठाण्याला, पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मग ती एकेक पदार्थ विचारत गेली आणि मी सांगत गेले. दूध रोज एक लिटर. अंडी महिन्याला दोन डझन, कारण तुला सकाळी ऑम्लेट लागतं. सुरमई महिन्यातून दोनदा. चहा साखरेशिवाय माझा, साखरेचा तुझा. पाऊण तास मी तुला या घरात जेवू घालत होते, क्षिप्रा, आणि मेघना ते सगळं टिपून घेत होती.

तुला महेंद्र आठवतो का? तू सातवी-आठवीत असशील. माझं वागळे इस्टेटचं काम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. तिथल्या छोट्या वर्कशॉपमधल्या कामगारांना दर महिन्याला हातात काय पडतं ते आपण टिपायचो, आणि त्याच महिन्यात ठाण्याच्या मंडईत काय भाव आहेत तेही. पगार वाढलेला दिसतो, पण त्या पगारात डाळ-तांदूळ-रॉकेल पूर्वीपेक्षा जास्त येतं की कमी, हे गणितानं दाखवायचं होतं. बाबा गेल्यानंतर तुला घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तू माझ्याबरोबर जांभळी नाक्याला यायचीस. मी भाव विचारायचे, तू वहीत लिहायचीस. तो गुणाजी वाणी आपल्याला लांबून बघूनच वैतागायचा, या बाई नुसते भाव विचारतात, घेत काही नाहीत. एकदा तू तुझ्या खाऊच्या पैशातून त्याच्याकडून पावशेर शेंगदाणे घेतलेस, त्याला बरं वाटावं म्हणून. पुढच्या महिन्यापासून तो तुला खुर्ची द्यायला लागला.

महेंद्र तेव्हा माझ्या हाताखाली होता. एका महिन्यात त्यानं चार वर्कशॉपचे आकडे तिथं न जाताच भरले, चहाच्या टपरीवर बसून. मला लगेच कळलं. खरी माणसं बोलताना अडखळतात, साधारण अमुक म्हणतात, विसरतात, मागचं-पुढचं एक करतात. याचे आकडे फार छान होते. आई आजारी आहे म्हणून जाता आलं नाही, असं तो परत परत सांगत होता. मी त्याला काढून टाकलं. खोटा आकडा लिहिणारा माणूस चोरापेक्षा वाईट, असं सगळ्यांसमोर म्हणाले. पुढे वीस वर्षं प्रत्येक वर्गात मी हा किस्सा सांगत आले, नाव न घेता. मुलं वचकायची.

तर मेघना गेली, आणि मला झोंबायला लागलं. तिला फोन करून दुरुस्त करून घ्यावं एवढं सरळ काम होतं. मी ते केलं नाही. मी काय केलं ते ऐकून तू हसशील. दुसऱ्या दिवसापासून मी दुधवाल्याला एक लिटर टाकायला सांगितलं. म्हटलं, उत्तर खोटं आहे तर ते खरं करू. अंडी आणली. मासळीबाजारात जाऊन सुरमई आणली, नऊ वर्षांनी. कोळीण म्हणाली, बाई, खूप दिवसांनी, पाहुणे आलेत वाटतं. मी हो म्हटलं. तुला आवडते तशी चिंच-लसणाची तळली. मला आता रात्रीचं तळलेलं पचत नाही, हे मला आणतानाच ठाऊक होतं. दोन तुकडे खाल्ले, बाकीची तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवली आणि टाकून दिली. दुधाचं विरजण लावलं, दह्याचं ताक केलं, ताकाची कढी केली, आणि मग एवढी कढी समोर घेऊन बसले. तेव्हा मात्र वाटलं, हे बरं लक्षण नाही. तरी मी महिनाभर दूध कमी केलं नाही.

तुझ्यामाझ्यातला तो रविवार या महिन्यात रोज डोळ्यांसमोर होता. लिओनेल आणि रुडॉल्फ तुमच्या लग्नाची बोलणी करायला आले होते. तू दडपे पोहे केले होतेस. मी मात्र टीपॉयवर आलेखाचा कागद पसरला. वागळे इस्टेटमधल्या मशीन ऑपरेटरचा वीस वर्षांचा पगार, महागाई वजा करून. ती रेघ जवळजवळ आडवी. आणि तिच्या शेजारी ठाण्यातल्या घरांच्या किमतीची रेघ, जिना चढावा तशी वर गेलेली. वर्गात समजावते तसं मी समजावलं. या दोन रेघा कुठेच भेटत नाहीत, म्हणजे या कामावरचा माणूस ठाण्यात स्वतःचं घर कधीच घेऊ शकत नाही, हे गणित आहे, यात माझं मत काही नाही. लिओनेल मान खाली घालून ऐकत होता. रुडॉल्फ चष्मा लावून बराच वेळ कागद बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ही खालची रेघ कोणाची? मी म्हटलं, लिओनेलसारख्या कामगारांची, सरासरी.

ते म्हणाले, “बाई, सरासरी माझ्या घरी जेवायला येत नाही. हा येतो.”

आणि पोहे संपवून उठले. तू त्यांना सोडायला खाली गेलीस ती तासाभरानं वर आलीस. पंधरा दिवसांनी ठाण्याला कोर्टात लग्न केलंस, मी आले नाही. नंतर एकदा सर्टिफिकेटं न्यायला आलीस आणि किल्ली टीव्हीवर ठेवून गेलीस.

लोकांना वाटलं, मुलगा ख्रिश्चन म्हणून मी अडून बसले. मी त्यांना ठासून सांगायचे की धर्माचा काही संबंध नाही, माझा विरोध शास्त्रीय होता. मला त्याचा थोडा अभिमानच होता. पाच वर्षांत तुम्ही टिटवाळ्याला घर घेतलंत हे कळलं, तेव्हाही मी स्वतःला सांगितलं, ते टिटवाळा आहे, ठाणे नाही. माझं गणित चुकलेलं नाही.

परवा मेघना दुसऱ्यांदा आली. वीजबिल, औषधं, रिक्षा. मग तुझं. तुझ्या फोनचा रिचार्ज, तुझा पास, पार्लर. मी सांगत गेले, एकाही ठिकाणी न थांबता. तिनं टॅबलेट मांडीवर ठेवला आणि कौतुकानं म्हणाली, मॅडम, असं पटापट कोणी सांगत नाही हो, लोक किती आठवत बसतात, तुमचे आकडे फार छान आहेत.

मला महेंद्रचा चेहरा दिसला. रडवेला झाला होता तो, ते मी तेव्हा पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं केलं होतं. मी मेघनाला म्हटलं, “खोड ते सगळं. मी एकटीच राहते.”

ती दचकली नाही. मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं, म्हणाली, दाराशी चपलांचा एकच जोड होता. पण माणूस जे सांगेल ते लिहावं लागतं, आम्ही कोण खोटं म्हणणार. मग आम्ही दोघींनी पहिल्यापासून सगळं पुन्हा भरलं. गेल्या महिन्याचं ते लिटरभर दूध आणि सुरमईसुद्धा जशीच्या तशी लिहिली, कारण घेतली होती हे खरंच होतं. त्या यादीत एक प्रश्न असतो, गेल्या तीस दिवसांत पाहुण्यांना किती जेवणं वाढली. मी म्हटलं, शून्य. तिनं शून्य लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. निघताना मी तिला चहा घ्यायचा आग्रह केला. एरवी आम्ही घेत नाही, म्हणाली, पण बसली. आई तिची कल्याणला पोळीभाजी केंद्र चालवते. तुमची मुलगी कुठे असते, तिनं विचारलं. मी म्हटलं, टिटवाळ्याला. मुलगी इतक्या जवळ आणि पाहुण्यांची जेवणं शून्य, तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिला कळलं, आणि तिनं कप विसळून ठेवला.

ती गेल्यावर मी माळ्यावरची वागळे इस्टेटची जुनी फाइल काढली. क्षिप्रा, त्या रविवारच्या आधी शुक्रवारी संध्याकाळी मी एक वेगळा कागद केला होता. त्यात लिओनेलच्या पगाराबरोबर तुझा पगार धरला होता, आणि ठाण्याऐवजी कल्याणच्या पुढचे भाव. त्या कागदावर दोन रेघा भेटतात. लग्नानंतर सहाव्या वर्षी. तू आत कपड्यांच्या घड्या करत होतीस, गुणगुणत होतीस. मग मी दुसरा कागद घेतला, त्यात तुझा पगार शून्य धरला आणि घर फक्त ठाण्यातलं. का, ते मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. तू गेल्यावर या घरात मी एकटी उरणार होते. बाबांच्या मागे मी ते एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हा निदान तू होतीस. चूक झाली असं मी म्हणणार नाही, चूक नकळत होते. हे कोणालाच सांगितलेलं नाही. हे पत्र त्यासाठीच आहे. पहिला कागद सोबत घातलाय, तो लिओनेलला आणि रुडॉल्फना दाखव. तुझ्या नावापुढे तुझा त्या वेळचा पगार आहे, माझ्याच अक्षरात. तुमचं नीट होणार हे मला शुक्रवारीच कळलं होतं.

उत्तराची वाट बघायचा हक्क नसलेली, तरी तुझीच,
आई