चौदा जणांचा एक ईमेल

१४ सप्टें., रविवार
सकाळपासून फ्रीज दोनदा पुसून झाला. बसवतच नाही. आमच्या केतकीने काल रात्री इंटरनेटवर "माझी मतं" म्हणून जे काही टाकलंय ते वाचलं, तेव्हापासून हे असं.

लिहिलंय काय, तर ज्या पेन्शनरांचं चांगलं भागतंय त्यांना इथल्या सरकारने हिवाळ्यात घर गरम ठेवायचे, हीटिंगचे पैसे देऊ नयेत. पेन्शन दर वर्षी ठरून वाढते, तेही थांबवावं. भाड्याच्या घरात पिचणाऱ्या तरुणांकडे बघावं. अगं बाई, तू कौन्सिलचं तिकीट मागतेयस! कौन्सिलरच्या हातात कचऱ्याचे डबे नि रस्त्यातले खड्डे. पेन्शनचं ते पार्लमेंट बघेल. तुला विचारलं कुणी?

फोन केला. म्हणे, "आई, लोकांनी विचारला तर मी खोटा नाही बोलणार."
छत्तीस वर्षांची घोडी झाली, पण इथे वाढलेलं मोडकं मराठी तेच नि हट्टही तोच.

१६ सप्टें.
डोक्यातून जात नाही. पार्टीचा नियम असा की वॉर्डातल्या मेंबरांनी मीटिंगला जाऊन मत द्यायचं, ज्याला जास्त मतं तो निवडणुकीला उभा. मेंबर होऊन सहा महिने झालेले हवेत. म्हणून तर गुढीपाडव्याला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसले आणि आपल्या चौदा म्हाताऱ्यांना मेंबर करून टाकलं. आपली पोर उभी राहतेय, आपली मतं नकोत?

"ताई, तुम्हीच भरा हो सगळं." मंडळात हे नेहमीचंच. बसचा पास असो नाहीतर व्हिसा, फॉर्म मी भरायचा. निम्म्यांना ईमेल नाही, उरलेल्यांना पासवर्ड आठवत नाही. चौदाही नावांपुढे माझाच ईमेल ठोकून दिला. हुशारी वाटली होती तेव्हा.

आता तेच चौदा जण के.च्या विरोधात. मीच गोळा केलेले. कपाळ माझं.

२१ सप्टें., रविवार
मंडळात भजन. भजन कसलं, सभाच. राजवाडे काका (ऐंशी उलटले, आवाज अजून खणखणीत) मला म्हणाले, "वसुधाताई, तुमच्या कन्येला सांगा, चाळीस वर्षं टॅक्स भरलाय आम्ही. भीक नाही मागत."
मी म्हटलं, तुम्हीच सांगा, माझं ऐकते थोडीच.

तेवढ्यात हसमुखभाई हजर. आत्ताचे कौन्सिलर तेच, तिकीट त्यांनाही परत हवंय. हातात फरसाणची मोठी पिशवी. "मावशी लोकच्या पेन्शनला कोण हात लावते बघतो मी." टाळ्या. त्यांच्या हातात तरी कुठे आहे पेन्शन? पण बोलायला काय जातंय. माणूस मात्र वाईट नाही, हे गेले तेव्हा पहिला दारात तोच होता.

२५ सप्टें.
सुजाताबरोबर ईलिंग रोडला भाजीला गेले. सुजाता कांबळे, तीस वर्षं नर्स, माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. मंडळात कुणी सरळ बोलणारं असेल तर तीच. म्हणाली, "अशी मिळकतीची रेष आखली ना वसुधा, की माझ्यासारखीच नेमकी मधे सापडते. गरीब ठरायला थोडी जास्त, ऊब घ्यायला थोडी कमी. मागच्या थंडीत मी एकच खोली गरम करून तिच्यातच राहिले."
मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत तिने कधी बोलून दाखवलं नाही. लाज वाटली. मेथी घ्यायची विसरले.

२८ सप्टें., रविवार
के. जेवायला आली. कडाडून भांडलो. मी सुजाताचं सांगितलं. म्हणाली, "सुजातामावशीला मिळायलाच पाहिजे! ती रेष वर न्यायची असं लिहिलंय मी, कोणी खालचा पॅराग्राफ वाचतच नाही. पण तुला कशाला, आई? बाबांचा पेन्शन आहे, घर तुझा आहे. माझा अर्धा पगार भाड्यात जातो, आणि तुझ्या हीटिंगसाठी मी टॅक्स भरते."

खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला. वरण न घेताच उठली. दारात वळून म्हणाली, "मी जाणार मावशीकडे. तिचा ऐकून घेणार."

३ ऑक्टो.
आली. मीटिंगची नोटीस. इनबॉक्समध्ये तीच मेल पंधरा वेळा, एक माझी, चौदा त्यांच्या. प्रत्येकीत ज्याचं त्याचं नाव आणि नंबर. मीटिंग शनि. २५ला. येणाऱ्याने १७ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत बटण दाबून नाव नोंदवायचं, नाहीतर आत प्रवेश नाही.
लॅपटॉप मिटला. परत उघडला. परत मिटला.

५ ऑक्टो., रविवार
मंडळाचा दसरा. नोटिशी छापून पर्समध्ये घेऊन गेले होते. देवाशपथ, द्यायलाच नेल्या होत्या.

काका सगळ्यांसमोर: "तुमच्या पोरीने आमच्या ताटातलं काढायचं ठरवलंय. असेच संस्कार केलेत वाटतं?" दोघं-तिघं हसले. अंगाची लाही लाही झाली. तिला चुकलीस असं मी म्हणेन, दिवसातून दहा वेळा म्हणेन. ह्यांनी संस्कार काढायचे?

मग लगेच, जिलबी तोंडात असतानाच, "मीटिंगचं पत्र आलं का हो ताई?"
"अजून नाही आलं."
इतकं सहज आलं तोंडातून.

९ ऑक्टो.
कागद पर्समधून काढून कपाटात ठेवले. मग कपाटातून टेबलाच्या खणात. स्वतःला समजावते, पत्र पोचवायचं काम पार्टीचं. मी काय पोस्टमन आहे? पण पत्ता माझा दिला कुणी? मीच ना.
दुपारी दीड तास चालून आले. पाय दुखले, डोकं तसंच.

१३ ऑक्टो.
काकांचा फोन. "नाही हो काका." दुसऱ्यांदा जास्त सोपं जातं.
पाठोपाठ के.चा. "आई, मंडळातल्या सगळ्यांना मेल मिळाला ना? ते माझ्या against असले तरी त्यांनी यायला पाहिजे. त्यांचा हक्क आहे."
"मिळाली गं."
पोटच्या पोरीशी खोटं बोलले, आणि ते तिच्याचसाठी. असं कुणी विचारलं तर सांगता तरी येईल का?

१७ ऑक्टो., शुक्र.
माझं नाव सकाळीच नोंदवलं. उरलेल्या चौदा उघडून बसले. एकेक बटण दाबायला किती वेळ लागतो? सुजाताच्या मेलवर तर बोट नेलं होतं. मग वाटलं, एकटीचं केलं तर बाकीच्यांना कळेल. तशीच ठेवली.
चारला घराबाहेर पडले. स्टेशनपर्यंत गेले, जुबिली लाइनच्या दोन गाड्या जाऊ दिल्या, परत आले. पाच वाजून वीस.
झालं.

२५ ऑक्टो., शनि.
के. छान बोलली. घाबरली नाही. पेन्शनवर कुणीतरी खोचक विचारलं, तर सरळ म्हणाली, "माझी आई समोर बसली आहे. तिलाही मी हेच सांगते आणि ती माझ्याशी भांडते." लोक हसले. मला मान वर करवेना.

मत तिलाच दिलं. तिचं पटत नाही, तरी तिलाच.

नऊ मतांनी आली. मिठी मारून रडली. हसमुखभाईंनी येऊन तिचा हात हातात घेतला, मनापासून अभिनंदन केलं. मग माझ्याकडे बघून, "ताई, तुमचा मंडळवाला एक पण नाय आला? मी तर वाट बघत होता."
"थंडी आहे ना," म्हटलं. नऊ. आणि तिकडे चौदा घरात बसलेले.

२७ ऑक्टो.
सुजाता आली होती. के. खरंच तिच्याकडे गेली होती, गेल्या आठवड्यात. दोघी अंगात कोट घालून दोन तास वाद घालत बसल्या म्हणे. मत मात्र तिने मागितलं नाही, मीटिंगचं नावही काढलं नाही.

"मला काही पटलं नाही तिचं," सुजाता म्हणाली. "पण माझ्या घरी येऊन माझं ऐकून घेणारी ती पहिलीच. मी मत तिलाच देणारे. मीटिंग कधी आहे गं?"

म्हटलं, झाली. शनिवारी. तीच आली निवडून.
तिने कप खाली ठेवला. "पत्र कुणाकडे आलं होतं?"
मी टेबल पुसायला घेतलं. तिने परत विचारलं नाही. कोट घेतला आणि गेली. चहा अर्धा तसाच.

३० ऑक्टो.
सुजाता फोन उचलत नाही. काकांचे दोन मिस्ड कॉल, ते मी उचलत नाही.
के.ला सांगितलं तर ती नाव मागे घेईल. ओळखते मी तिला, एक क्षण थांबायची नाही. आणि माझ्याशी बोलायची नाही ते वेगळंच. नाही सांगितलं तर उमेदवारांची यादी मंगळवारी पक्की होते. मग मे महिन्यात निवडणूक, आणि ती कौन्सिलर. चारच दिवस गप्प बसायचं. इतके दिवस जमलंच की.
इतके दिवस जमलं, ह्याचीच तर भीती वाटते.

२ नोव्हें., रविवार, सकाळ
मंडळाचा दिवाळी फराळ आज अकराला. मी तोंड आलं म्हणून कळवणार होते. नऊ वाजता के.चा फोन.

"आई, मी पण येते. मला सगळ्यांना thank you म्हणायचा आहे."
कशाबद्दल, विचारलं.
"ते सगळे माझ्या विरुद्ध होते ना? पण आले नाहीत. मला पाडायला कोणीच नाही आलं. राजवाडे आजोबा पण नाही. आपले लोक आहेत ते, आई. मी त्यांना तसाच सांगणार, स्टेजवरून."

तिला थांबव, असं स्वतःला दहा वेळा सांगितलं. तोंडातून निघालं, "पेढे आणू नकोस, इथे आहेत."

सगळे असतील तिथे. काका असतील, सुजाताही असेल. माझी पोर माईक हातात घेऊन त्यांचे आभार मानेल, आणि ते तिच्याकडे बघतील. मग माझ्याकडे.

साडेदहा. साडी नेसून बसले आहे. खणातले कागद काढून समोर ठेवले आहेत, चौदाही.
बेल वाजली. तीच. इथून हॉल चालत दहा मिनिटांवर आहे, सांगायला तेवढाच वेळ.