कानांचं निमित्त

बेला,
५ जानेवारी २००४

प्रिय दौलत,

सप्रेम जय भीम. फोन तू मधेच ठेवून देतोस, म्हणून पत्र. बसून वाच.

तू लिहिलंस की मायच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नाही, हैदराबादच्या दवाखान्यात पेशंटला आत झोपवतात त्या ऑक्सिजनच्या बंद नळकांड्यातून ती कान दुखतात म्हणून हट्टानं परत आली, आणि आता संक्रांतीनंतर पाय कापायला तू सही दिलीस. वा रे वा! तीस बैठका सांगितल्या होत्या ना? दाबाखालचा ऑक्सिजन रक्तात मुरतो, मरू घातलेलं मांस तगतं, कॅन्सरच्या किरणांनी खराब झालेल्या जबड्यालाही त्याचा गुण येतो, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. मग तीन बैठकांत तुझा धीर संपला?

पहिल्या दिवशी माय लग्नाला निघाल्यासारखी नटली होती. नायलॉनची जांभळी साडी, डोक्याला चपचपीत तेल. लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं आपल्याला शिकवलं, आणि मी मास्तरीण झाले त्या दिवशी जाडंभरडं सुती लुगडं कायमचं सोडलं. तिथं नेमका सुती झगाच घालायला लावला. नायलॉन नको, तेल नको, बांगड्या नकोत. ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पडली तरी भडका उडतो, त्यांचं बरोबरच आहे. पण हे तिला समजावून कोण सांगणार होतं? तू बाहेर पेपर वाचून राह्यला होतास. तिला वाटलं, आपल्याला मजुरीण म्हणून ओळखलं. तरी तीन दिवस तिनं तो झगा मुकाट्यानं घातला.

परवा मी तिला आदिलाबादला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कान ठणठणीत! मग काऊन खोटं बोललीस म्हणून मी फैलावर घेतलं, तेव्हा ती रडली. चौथ्या दिवशी ती झग्यात, मोकळ्या केसांनी दाराशी बसली असताना तुला तुझ्या ऑफिसातले साहेब भेटले. ही कोण, असं त्यांनी विचारलं. गावाकडची ओळखीची बाई, तू म्हणालास. तेलुगूत म्हणालास, म्हणजे तिला कळणार नाही. अरे, चाळीस वर्षं तेलुगू मुकादमाच्या हाताखाली राबली ती! तुला कमीपणा येऊ नये म्हणून तिनं कानांचं निमित्त पुढं केलं, आणि पायही द्यायला निघाली. लाज वाटते रे मला तुझी.

पुढच्या सोमवारी मी तिला घेऊन येतेय. दिलेली सही मागे घे. तिनं शिकेकाईनं तीनदा डोकं धुतलंय, मी दवाखान्याला विचारून माझ्या सुती साडीचा झगा शिवलाय. ती यायला तयारच नव्हती. दौलतनं बोलावलंय, असं मी खोटंच सांगितलं, तेव्हा कुठे उठली. ते खोटं तू खरं करावंस म्हणून हे पत्र. स्टँडवर ये. दवाखान्याच्या कागदावर रुग्णाशी नातं विचारतात, तिथं या वेळी तुझ्या हातानं लिही, मुलगा.

रागावलेली, तरी तुझीच,
मनकर्णा अक्का