डाळीची परीक्षा

प्रिय टिटवे,

तुझा लाडवांचा डबा मंगळवारी पोचला. वरची चिठ्ठीही वाचली: ‘एक खाऊन पाहिला, मगच बांधले. अगदी आईच्या हातचे झालेत.’ मी उभ्या उभ्या चार खाल्ले. पाचवा तुझ्या वहिनीने हातातून काढून घेतला. त्याविषयी पुढे लिहितो.

आमच्या सात जणांच्या मंडळाचं जेवण पुढच्या आठवड्यात शनिवारी आहे. चालत जाण्याजोगं, आपल्याकडचं जेवण मिळणारं एखादं साधं हॉटेल निवडायचं काम अर्थात माझ्याकडे. अकरा वर्षं हा मान मीच मिरवतोय. आमचा नियम तुला ठाऊक आहे: निवडणाऱ्याने आधी एकट्याने दुपारी जाऊन यायचं आणि फक्त साधी डाळ आणि एक रोटी मागवायची. मसाल्याआड कुणीही लपतं, डाळीला आडोसा नसतो, हा माझाच सिद्धान्त. मंडळातला दंतवैद्य म्हणतो, ‘याच्या जिभेचा विमा उतरवा रे कुणीतरी.’ ग्रंथपाल बाई मला ‘जिव्हाचार्य’ म्हणतात, तेही इतक्या गंभीर चेहऱ्याने की कौतुक की चेष्टा, अजून निर्णय झालेला नाही. तर या जिव्हाचार्यांना यंदा निवड करता येत नाहीये. आणि का येत नाहीये, हे मंडळात कुणालाही कळू द्यायचं नाहीये.

पहिल्यांदा बँकेसमोरच्या हॉटेलात गेलो. तिथलं मेनूकार्ड म्हणजे दोन ओळींच्या सूत्रावर चाळीस पानांचं भाष्य. डाळ आली. गरम होती, मऊ होती, पिवळी होती. यापुढे मला काही सांगता येईना. आचाऱ्याच्या नावाने बोटं मोडली आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरून खाली असलेल्या हॉटेलात गेलो. तिथली डाळही गरम, मऊ, जराशी कमी पिवळी. शहरातल्या सगळ्या आचाऱ्यांनी एकदमच संन्यास घेतला की काय, असं मनाशी म्हणत घरी आलो. बघ, तोवर दोष त्यांचाच होता.

तिसरं कोपऱ्यावरचं. नवरा आत रांधतो, बायको गल्ल्यावर बसते. मी डाळ संपवली, रोटीच्या शेवटच्या तुकड्याने वाटी पुसूनही घेतली. बाईंनी विचारलं, ‘कशी होती, काका?’ मी म्हटलं, ‘उत्तम.’ एव्हाना मी रंगावरून गुण द्यायला शिकलो होतो. तेवढ्यात नवरा पळी हातात घेऊन बाहेर धावत आला. ‘अगं, ती लागलेली डाळ कुणाला वाढली? टाकायला बाजूला काढली होती ना मी!’ दोघांनी माझ्या वाटीकडे पाहिलं. वाटी लख्ख. बाई म्हणाल्या, ‘अहो काका, बोलायचं तरी! सगळ्या हॉटेलभर जळका वास सुटलाय.’ मी हसून म्हटलं, ‘मला खरपूसच आवडते.’ मग लक्षात आलं की सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या आणि शेजारच्या टेबलावरची बाई नाकाला रुमाल लावून बसली होती. मला वाटलं होतं, बिचारीला सर्दी झालीय.

घरी कुणी नव्हतं. हिंगाची डबी उघडली. मग कापूर, कॉफी, रॉकेलचा बोळा. शेवटी तुझ्या भाच्याचे खेळाचे मोजे, ज्यांना शेजारीही वचकून असतात. काही नाही. सर्दी नाही, ताप नाही. आपल्या शास्त्र्यांनी गंध ही पृथ्वीची खूण सांगितली. मग सध्या मी उभा कशावर आहे, हे त्यांना विचारायला हवं.

एव्हाना तुला बाबा आठवले असणार. तू मठ्ठ आहेस असं मी चाळीस वर्षं सांगत आलो, पण ते कधी खरं नव्हतं. तो रविवार आठव. आईने नासलेल्या दुधाचा चहा पहिल्याच घोटाला मोरीत ओतला आणि बाबांनी कप संपवून ‘फक्कड!’ म्हटलं. आपण लोळून लोळून हसलो. मी तेव्हा नुकताच संस्कृत शिकू लागलो होतो, म्हणून त्यांना ‘नीलकंठ’ ही पदवी दिली. येईल त्या पाहुण्याला तो किस्सा ऐकवला, बाबाही हसायचे. त्यानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी आईला हात जोडून, फार अदबीने विचारलं, ‘बाई, आपण कुणाकडे आलात?’ पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘यांना वास येईनासा कधीपासून झाला?’ तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. उत्तर आपल्याला तोंडपाठ होतं, वारासकट.

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, याला वीस कारणं असतात आणि त्यातली बरीचशी किरकोळ. पुढच्या आठवड्यात गुरुवारी तपासण्या आहेत. हे सगळं मी तुझ्यापासून लपवणार होतो. थोरल्या भावाला लपवण्याशिवाय दुसरं येतं काय? पण तो पाचवा लाडू. तुझ्या वहिनीने तो नाकाशी नेला आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. तूप खवट होतं, टिटवे, वासानेच तोंड फिरवावं इतकं. मी म्हटलं, प्रवासात झालं असेल. ती म्हणाली, ‘दोन दिवसांत तूप असं होत नाही. वन्संनी चाखून कसे पाठवले?’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तुझी चिठ्ठी मी पुन्हा वाचली. मग डॉक्टरीणबाईंना फोन करून गुरुवारची वेळ दोघांच्या नावावर करून घेतली. आता हे पत्र खाली ठेव, ऊठ, आणि तुझ्या घरची हिंगाची डबी उघड. जे होईल ते मला कळव, आणि काहीही झालं तरी आदल्या दिवशी, बुधवारी, इकडे निघून ये. मंडळाला मी कोपऱ्यावरचं हॉटेल कळवलंय. जळकी डाळ टाकून द्यायची असते, एवढं तरी त्या माणसाला कळतं. शनिवारी तुझी आठवी खुर्ची माझ्या शेजारी असेल. पहिला घास घाईने घेऊ नकोस. समोरच्यांचे चेहरे बघू, आणि मगच दोघं मिळून ‘छान’ म्हणू.

तुझाच,
दादा