एक दिवसाआडचा ताप

तीर्थरूप ताईस, ताप उतरलेल्या धाकट्याचा नमस्कार.

"एक दिवसाआड हुडहुडी? मलेरिया असेल. रक्त तपासून घे, शहाण्या!" असं तू फोनवर म्हणालीस आणि मी हसलो. मधल्या दिवशी ठणठणीत वाटायचं, म्हणून छापखान्यात ऐटीत जायचो. एकदा तापाच्या दिवशीही गेलो आणि तिथेच कोसळलो. खोलीतल्या सोबत्याने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मलेरियाचे जंतू रक्तपेशींत वाढतात. त्या फोडून बाहेर पडले की ताप भरतो." म्हणजे मी ऐट मिरवत होतो तेव्हा पाहुणे आत जेवत होते!

आता बरा आहे. आईला मात्र मला सर्दी झाली होती एवढंच सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

काही जंतू यकृतात दडून राहतात, म्हणून गोळ्या चालू आहेत. गोळी गिळली का ते बघायला सोबती रोज मला तोंड उघडायला लावतो. हे त्याला तूच पढवलंस ना? ताई, फार बरं केलंस.

तुझा, उशिरा का होईना, ऐकणारा भाऊ